झोपेसाठी पाळलेलं सुतक

आमच्या गावात कोणाची झोप हरवलीय असं कधी झालंच नव्हतं. गाव खाडीच्या अंगाला, वडखळ नि कासूच्या मधी. निम्मी माणसं मिठागरात, निम्मी खारातल्या भातात. दिवसभर अंग मोडायचं नि पडलं की घोरायचं. माझा मुलगा जनू तर मिठाच्या राशीपाशी फावड्याला टेकून उभ्या उभ्या झोपतो. एकदा त्याच्या डोक्यावर बगळा येऊन बसला नि त्यानंही डोळे मिटले. मी स्वतः बघितलंय. दुसऱ्या कोणी बघितलं नाय, कारण बाकीचे सगळे झोपलेले होते.

अशा घरात माझ्या नातवाची, कमळाकरची झोप उडाली. आळसानं नाय, उलट अंग फार हलवल्यानं.

कमळाकर रोह्याच्या एका कंपनीत गोणी भरायला जायचा. ठेकेदाराकडे. सकाळी कासूला गाडी पकडायची, संध्याकाळी कासूला उतरायचं. ठेकेदाराच्या माणसाचं काय, आज हाय उद्या नाय. तेवढ्यात कंपनीनं ठरवलं, आपला कबड्डीचा संघ काढायचा. शिमग्याआधीच्या रविवारी रोह्याच्या मैदानात निवड. जो संघात येईल तो कंपनीत कायम. ही बातमी कमळ्यानं घरी आणली तेव्हा माझी सून शांती भाकरी थापत होती. ‘कायम’ शब्द ऐकला नि तिचा हात थांबला तो थांबलाच, भाकरी तव्यावर कोळसा झाली. ती आम्ही तरी आनंदानं खाल्ली.

पोरगा खेळायचा पण तसाच. चढाईला गेला की समोरच्याला नुसता वारा लागायचा. आपल्याला हात लागलाय हे त्या माणसाला घरी जाऊन जेवताना कळायचं.

आमच्या गावच्या कबड्डी संघाचा वस्ताद हैबतराव. जुना खेळाडू. गुडघा गेला, पण गळ्यातली शिट्टी नाय गेली. त्यानं कमळ्याला धरला. संध्याकाळची गाडी आली की सरळ मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात. तिथं नारळ फोडलेला, रेघा आखलेल्या, दोन ट्यूबलाइटी बांधलेल्या. दंड, बैठका, धावणं, मग चढाया, मग पकडी. गावातली भांडी घासून पालथी पडेपर्यंत हा खेळ चालायचा. मग कमळ्या घरी यायचा, अंगावर गार पाणी ओतायचा, पेलाभर काळा चहा, वर भरपेट जेवण, नि आडवा.

आडवा व्हायचा तो डोळे उघडेच. आढ्याकडे बघत.

अंग इतकं तापलेलं असायचं की चटई करपल्याचा वास यायचा. डास बसला की चर्र वाजायचं. शेजारच्या धोंडुबाईनं एकदा त्याच्या पाठीवर पापड भाजून घेतला. उडदाचा. खोटं वाटत असेल तर तिला विचारा. ती नाय म्हणेल, कारण पापड माझ्या डब्यातला होता. नि छातीत ठोके असे पडायचे की धोंडुबाई भिंतीपलीकडून ओरडायची, “हौसा गो, या वेळेला काय कांडतेस?”

“पोहे!” मी म्हणायची.

“मग मला पण ठेव वाटीभर!”

पहाटे कुठं त्याचा डोळा लागायचा, तर गाडीची वेळ. पोरगा डोळे चोळत कासूला, पेंगत रोह्याला. गाडीत झोपला नि उतरायचा राहिला असं नाय झालं, कारण रोह्याला गाडीच संपते. देवानं तेवढी सोय केली होती.

इथवर सगळं चाललं असतं. पण वडखळच्या संघाबरोबर सामना झाला. कमळ्या चढाईला गेला. “कबड्डी कबड्डी” म्हणत मधली रेघ ओलांडली, दोघांना मागं रेटलं, तिसऱ्यावर हात टाकणार, नि मधीच त्याला जांभई आली. साधी नाय. अशी मोठी जांभई की पलीकडचे दोघं आत बघून आले. दम तुटला. पंचानं शिट्टी मारली. बाद.

वडखळची माणसं हसून हसून जमिनीवर. एक म्हणाला, “उशी आणू काय रं?”

घरी आला तो तोंड पाडून बसला. “आजी,” म्हणाला, “रोह्याला असं झालं तर?”

रोह्याला असं झालं तर पावसाळ्यात ठेकेदार घरी बसवणार, हे त्याला ठाऊक, मला ठाऊक.

आता गावाचं डोकं चाललं. आमच्याकडे एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक. ज्याला झोप येत नाय त्यानं काम केलेलं नाय. दमला माणूस झोपतो. झोपला नाय म्हणजे दमला नाय. यात कोणाला शंका असायचं कारणच नाय, कारण पिढ्या तशाच घोरत आल्या.

हैबतराव म्हणाला, “पोरगा अजून पुरता थकत नाय. वाढवतो.” नि बैठका दुप्पट केल्या.

जनू म्हणाला, “सरावानंतर माझ्याबरोबर बांधावर चल.” उधाणाच्या भरतीनं बांधाला खांड पडायला आली होती. बाप-लेक कंदील घेऊन चिखलाच्या पाट्या टाकायला लागले.

धोंडुबाई म्हणाली, “माझी लाकडं फोडू दे त्याला. बघ कशी झोप येते.” तिची वर्षाची लाकडं फोडून झाली. माझा पाटा-वरवंटा अंगणातनं पडवीत न्यायचा होता, तोही मी त्याच वेळी नेऊन घेतला. गावाला औषध द्यायचंच होतं, तर घरचा पाटा काय मागं राहावा?

औषध जसं वाढलं तशी उरलीसुरली झोप पण गेली. कमळ्याचे डोळे आत गेले. इतके आत, की तो समोर बघायचा नि मागचं दिसायचं.

शेवटी मी त्याला पेणला डॉक्टरकडे नेला. आठवड्याच्या बाजाराला जायचंच होतं. डॉक्टरनं नाडी बघितली, डोळे बघितले, नि विचारलं, “व्यायाम कधी करतोस?”

कमळ्यानं सगळं सांगितलं. सराव, बांध, लाकडं.

“माझा पाटा सांगायचा राहिला,” मी म्हटलं.

डॉक्टर हसला नाय. म्हणाला, “आजी, तुमचा नातू धडधाकट आहे. झोपायच्या तोंडावर एवढी मेहनत केली की अंग तापतं, छाती धडधडत राहते. शरीराला वाटतं अजून पळायचंय. ते निवायला वेळ लागतो. वरून चहा, वरून भरल्या पोटी आडवं होणं. जोराचा सराव सकाळी करू दे. संध्याकाळी थोडं चालायचं, हलकं खायचं, चहा नको. गोळी देत नाही.”

मी बाहेर आले ती चिडूनच. गोळी नाय, इंजेक्शन नाय, असला कसला डॉक्टर? एसटीत बसून मी कमळ्याला म्हटलं, “मेहनतीनं झोप जाते म्हणे. उद्या म्हणेल पाण्यानं तहान लागते.”

गावात सांगितलं तर हैबतरावानं शिट्टीच वाजवली. “मला शिकवतोय? मी रात्र रात्र खेळलो नि ढोरासारखा झोपलो. दिवसा सराव बायका करतात!”

“कुठल्या बायका रे?” धोंडुबाई म्हणाली. “मला तर कोणी बोलावलं नाय.”

जनू म्हणाला, “आये, तो शहरातला डॉक्टर. त्याच्याकडे न दमणारी माणसं येतात. त्याला आपली काय माहिती?”

मीही हसले त्यांच्यात. पण त्याच आठवड्यात एकदा नागोठण्यापाशी मालगाडी बंद पडली नि रोह्याची गाडी अडकली. कमळ्या इतक्या उशिरा आला की पटांगणातल्या ट्यूबलाइटी विझलेल्या. सराव नाय, बांध नाय, लाकडं नाय. शांतीनं ताकभात वाढला, तो खाल्ला नि तिथंच ताटाशेजारी आडवा झाला. सकाळी त्याला उठवायला मी हाक मारली, जनूनं हाक मारली, कोंबडा त्याच्या छातीवर उभा राहून आरवला नि शेवटी कंटाळून उतरला. त्या दिवशी पोराचे डोळे जागेवर आले.

मग मला कळलं, डॉक्टर खरं बोलला. पण खरं बोलणारा माणूस गावात एकटा पडतो. त्याला आधार लागतो खोट्याचा. नि खोट्यात माझा हात कोण धरणार?

कमळ्याला म्हटलं, “सांग हैबतरावाला, संध्याकाळी येत नाय म्हणून.”

“आजी, मी कसं सांगू?” तो म्हणाला. “त्यांनी मला लहानपणापासून शिकवलंय. नि गाव काय म्हणेल? कायम व्हायला निघालाय नि मेहनतीला भितोय.”

त्याचंही खरं होतं. आमच्याकडे चोर चालेल, कामचुकार नाय चालत. म्हणजे असं काहीतरी हवं होतं की संध्याकाळी त्याला पटांगणात कोणी बोलावणार नाय, कोणी काम सांगणार नाय, नि त्याला कोणी नावं पण ठेवणार नाय. मी रात्रभर विचार केला. म्हणजे करणार होते, पण झोप लागली. सकाळी उठले तर विचार तयार.

सुतक.

सुतकातल्या माणसानं देवळापुढं पाय ठेवायचा नाय. पटांगण मारुतीचं, मग खेळणार कुठं? सुतकातल्या माणसाला कोणी शिवत नाय, मग पकड कोण करणार? दहा दिवस गावातली सगळी कामं दुसऱ्याच्या गळ्यात; कंपनीत तेवढं जायचं, ठेकेदार काय सुतक मानत नाय. नि दिवस मोजले तर दहावा बरोबर शनिवारी येत होता. रविवारी पोरगा मोकळा. आता फक्त मेलेला माणूस हवा होता.

भाऊबंदातलाच लागतो. जवळचा नको, रडून रडून घर वाहून जाईल. लांबचा नको, सुतक लागणार नाय. मी बोटं मोजली नि गागोद्याच्या मोरूभावजींवर थांबले. माझ्या मालकांचे चुलतभाऊ. गागोदे बुद्रुकला भाताची नि वालाची शेती. म्हातारे, पण खुटखुटीत. नि एक आहे, माणूस मेल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. म्हणजे मी भावजींचं भलंच करत होते.

बाजारातनं आले ती दारातच बसले नि पदर तोंडाला लावला. “गेले गो! मोरूभावजी गेले! पेणला गागोद्याचा माणूस भेटला, त्यानं सांगितलं.”

जनू खरोखर रडला. त्याला लहानपणी भावजींनी आंब्यावर चढायला शिकवलेलं. “मी आत्ता जातो गागोद्याला,” म्हणाला.

“नि बांध कोण बघेल? भरती काय सुतक पाळते?” मी म्हटलं. “मी जाऊन येते. तुम्ही दहाव्याला चला.”

दुसऱ्या दिवशी एसटीनं पेणला गेले, उसाचा रस प्यायले, गणपतीच्या कारखान्यात मूर्ती बघत बसले नि डोळे पुसत परत आले. दहाव्याला काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. दहाव्याचं दहाव्याला.

मग आमच्या घरात सुतक बसलं. जनूनं दाढी सोडली. धोंडुबाई पिठलं-भाकरी घेऊन आली नि उंबऱ्याबाहेर ठेवून गेली. हैबतराव लांबूनच हळहळला, “म्हाताऱ्यानं वेळ चुकवली. अजून दोन आठवडे थांबला असता तर काय झालं असतं?” पण पटांगणात ये म्हणाला नाय. देवापुढं त्याचंही चालत नाय.

घरात मी गागोद्याची रीत लावली. दिवस मावळल्यावर चहा नाय. जेवण लवकर, बिनफोडणीचं. जेवल्यावर बांधावर हळू चालून यायचं, गेलेल्याची आठवण काढत.

जनू म्हणाला, “आये, ही चहाची रीत मी कधी ऐकली नाय.”

“तुझ्या आजोबांच्या वेळी चहाच नव्हता, तर ऐकशील कशी?”

त्यात तो अडकला.

पण डॉक्टरनं सकाळी मेहनत करायला सांगितलेली. ती कशी करून घ्यायची? मी कमळ्याला उजाडायच्या आत उठवला, हातात भाताचा गोळा दिला. “बांधाच्या टोकाला उघाडी हाय ना, भरतीचं पाणी अडवायची, तिथं हा कावळ्याला ठेवून यायचा. पळत जा. भात निवला तर कावळा तोंड लावत नाय.”

“आजी, कावळा दहाव्याला शिवतो ना?”

“तो मोठा कावळा. त्याला आधीपासून सवय लावावी लागते.”

“बरं.”

“नि जाताना एका दमात त्यांचं नाव घेत जायचं. मधी श्वास तोडायचा नाय. नाय तर त्यांच्या जिवाला वाट सापडत नाय.”

“मोरूबाबा म्हणून?”

“नुसतं मोरू. गेलेल्याला नातं कळत नाय, नाव कळतं.”

पोरगं सरळ. रोज पहाटे बांधावरनं “मोरू मोरू मोरू मोरू” करत सुटायचं. दम संपला की थांबायचं, श्वास घ्यायचं, परत सुटायचं. परत आलं की मी म्हणायची, “आज वाट थोडी कमी पडली वाटतं,” की दुसऱ्या दिवशी अजून लांब दम. शेवटी शेवटी तर दारातनं सुटलं की उघाडीपर्यंत दुसरा श्वासच नाय. गावातले कावळे इतके गुबगुबीत झाले की उडायच्या आधी त्यांना चालत जाऊन चढावर उभं राहावं लागायचं.

नि झोप? दिव्याची वात खाली केली की पोरगा गेला. छातीत कांडण नाय, काय नाय. धोंडुबाईनं भिंतीपलीकडून विचारलं, “हौसा गो, पोहे संपले काय?”

शनिवार उजाडला. दहावा. जनू नवा टॉवेल खांद्यावर टाकून गागोद्याला जायला तयार. मी पोटात दुखतंय म्हणून पडायच्या बेतात. तेवढ्यात बांधावरनं कमळ्याची किंकाळी.

माझी एक चूक झाली होती. दर वर्षी शिमग्याच्या आधी मोरूभावजी नव्या वालाची गोणी घेऊन आमच्याकडे येतात नि तेवढंच मीठ घेऊन जातात. माझं लग्न झालं तेव्हापासून ही देवघेव. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नाय. माणूस मारताना बाईनं पंचांग बघावं ते याच्यासाठी.

झालं होतं ते असं. भावजी भाजीच्या टेंपोतनं वडखळला उतरले, खांद्यावर वाल टाकून बांधाबांधानं चालत निघाले. धुकं दाट. समोरनं कोणीतरी “मोरू मोरू मोरू” करत येतंय. भावजींना वाटलं, आपल्यालाच हाका. ते धुक्यातनं पुढं झाले नि म्हणाले, “व्हय रं, आलो आलो! एवढी घाई कसली?”

कमळ्याच्या हातातला भात उडाला. तो वळला नि सुटला. तो असा सुटला की बांधावरची माती अजून तिथं बसलेली नाय. मागनं भावजी, “अरं थांब! मीच मोरू!” करत. अंगणात कमळ्या शिरला, जनूच्या मागं लपला. मागोमाग धापा टाकत भावजी. गोणी खाली ठेवली. जनूची वाढलेली दाढी बघितली, खांद्यावरचा टॉवेल बघितला नि टोपी काढली.

“कोण गेलं रं?” हळू आवाजात म्हणाले.

मग मीच म्हटलं, “तुम्हीच, भावजी.”

“मी? कधी?”

“आज दहावा.”

भावजी ओट्यावर बसले. गोणी जवळ ओढली. मग म्हणाले, “मग वाल कोणाला देऊ?”

तोवर अर्धं गाव जमलेलं. मी सगळं सांगितलं. डॉक्टर, झोप, जांभई, सुतक. काय लपवलं नाय, नि लाज पण नाय वाटली. जनू खाली मान घालून दाढी खाजवत होता. धोंडुबाई म्हणाली, “माझं पिठलं परत दे गो!” भावजी मात्र हसायला लागले ते गोणीवर हात मारून मारून. “वैनी, माझं आयुष्य दहा वर्षं वाढवलंस. पण विचारून तरी मारायचं!”

हैबतराव नाय हसला. त्याचा चेहरा लाल. “म्हणजे सुतक नव्हतंच? दहा दिवस पोरगा वाया घालवलास? उद्या निवड हाय, निवड! आज संध्याकाळी सगळा राहिलेला सराव भरून काढतो. मावळतीला पटांगणात उभा राहा, कमळाकर. भांडी घासून झाली तरी सोडणार नाय.”

माझ्या पोटात खरोखरच दुखायला लागलं. एवढं सगळं करून शेवटच्या रात्री हा पोराला परत तापवणार. मी शेवटचं खोटं काढलं. “हैबतराव, मेलेला माणूस दहाव्याला परत आला तर त्या घरातल्यानं त्या दिवशी मावळतीनंतर उंबरा ओलांडायचा नसतो.”

“हे कोणी सांगितलं?”

“जो जाऊन आलाय त्यालाच विचार.”

सगळे भावजींकडे वळले. त्यांनी टोपी नीट घातली नि गंभीर तोंड केलं. “व्हय,” म्हणाले. “वर मला तसंच सांगून पाठवलंय.”

हसू पिकलं. हैबतराव पण गालात हसला असता, पण शिट्टी तोंडात होती. त्यानं ती काढली नि कमळ्याला म्हणाला, “म्हाताऱ्यांची मस्करी पुरे. तू बोल. येणार का नाय?”

एवढी वर्षं खोटं सांगतेय, पण दुसऱ्याच्या तोंडचं उत्तर मला देता येत नाय.

कमळ्या जनूच्या मागनं पुढं आला. अजून धापा चालू होत्या. “काका,” म्हणाला, “आजीनं मला फसवलं. जिवंत माणसासाठी मी दहा दिवस धावलो. त्याचा राग हाय मला. पण दहा दिवस मी झोपलो. आत्ता बांधावरनं पळालो ना, तेव्हा पाय कसे उचलत होते ते मला ठाऊक. आज नाय येणार मी. उद्या पहाटे उठवा, म्हणाल तेवढं पळतो. संध्याकाळी मी झोपणार.”

हैबतरावाला असं उत्तर कोणी दिलेलं नव्हतं. त्यानं शिट्टी गळ्यात सोडली. मग वळला नि गुडघा ओढत चालायला लागला. कोपऱ्यावर थांबून, मागं न बघता म्हणाला, “पहाटे हाक मारीन. उशीर केलास तर बघ.”

त्या संध्याकाळी आम्ही भावजींचा दहावा त्यांच्याच हातच्या वालाच्या बिरड्यानं केला. पोरगा ताकभात खाऊन वातीबरोबर विझला.

रविवारी सगळे रोह्याला. भावजी पण आले, म्हणाले माझ्या नावानं तयारी झालीय, मला बघायला पाहिजे. मैदानाच्या कडेला आम्ही बसलो. कमळ्याची पहिली चढाई. पोरगा मधल्या रेघेवर आला, समोरच्यांवर झेपावला नि एका दमात सुटला, “मोरू मोरू मोरू मोरू…”

पंचानं शिट्टी मारली. बाद. कबड्डी म्हणायचं सोडून भलतंच. हैबतरावानं कपाळावर हात मारला नि माझ्याकडे असं बघितलं की माझ्या अंगावरची चोळी उसवली. भावजी उठून उभे राहिले नि ओरडले, “अरं, मी इथंच हाय! तू तुझं खेळ!”

मैदान हसलं. कमळ्या बाहेर बसून हसला. मग आत घेतल्यावर त्यानं काय दाखवलं ते मी सांगत नाय, सांगितलं तर तुम्ही म्हणाल म्हातारी वाढवून सांगते. एवढंच सांगते की जांभई आली नाय, नि एका चढाईत दम इतका लांब गेला की पलीकडच्या दोघांनी वाट बघून बघून खाली मांडी घातली.

संघात त्याचा नंबर शेवटचा लागला. राखीव. पण राखीव पण संघातच, नि संघातला तो कायम. शांतीनं त्या दिवशी भाकऱ्या जाळल्या नाय, मुद्दाम पुऱ्या केल्या.

आता आमचा संघ पहाटे सराव करतो. हैबतराव सगळ्यांना सांगतो, ही माझी जुनी पद्धत. सांगू दे. खोटं बोलायचा मक्ता काय मी एकटीनं घेतलेला नाय.

कमळाकर कायम झाला नि त्याला शिफ्ट लागली. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रातपाळी. रातपाळी करून तो उजाडताना घरी येतो, तर पोरं ओट्यावर ओरडतात, धोंडुबाई पुढच्या वर्षाची लाकडं फोडून घेते, भाजीवाला हाका मारतो. पोरगा परत डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघतो. काल मला म्हणाला, “आजी, दिवसा गावाला गप्प बसवायचं काहीतरी कर.”

मोरूभावजींना तर मी एकदा वापरून झाले. भाऊबंदात आता केरूमामंजी राहिलेत नि रोह्याकडचा विठू. दोघंही अजून खुटखुटीत. यावेळी मी आधी पंचांग बघणार, नि जनूला आधीच दाढी करून घ्यायला सांगणार.